कसोटी नेमकी कशाची?

रत्नपरीक्षेच्या पुस्तिकांत दोन कसोट्या हमखास आढळतात : काचेवर ओरखडा काढतो तो हिरा आणि दातांवर घासताना खरखरतो तो खरा मोती. पहिली तर टिकतच नाही. मोहस यांच्या काठिण्यश्रेणीत काच ५.५ च्या आसपास येते; ७ काठिण्याची गारगोटीही तिच्यावर ओरखडा काढते. (शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवावे.) दुसरी अधिक फसवी. खरखर जाणवते ती ॲरागोनाइटच्या सूक्ष्म चकत्यांच्या थरांमुळे. प्लास्टिकचा मणी गुळगुळीत लागतो, हे खरे. पण संवर्धित मोत्यावरही हेच थर असतात! शिंपल्यात माणसाने मणी घातला होता का, हे दात काय सांगणार? त्यासाठी क्ष-किरणचित्र घ्यावे लागते. नैसर्गिक आणि संवर्धित मोत्यांच्या किमतीत प्रचंड तफावत असते आणि नेमक्या याच प्रश्नावर आम्ही पाहिलेल्या पुस्तिका गप्प आहेत.