गाणं संपल्यावर काय बदललं?

गाणं सुरू होताना नाटक जिथे होतं, तिथेच ते गाणं संपल्यावरही उभं असेल, तर ते गाणं नाटकाचं नाही. मुंबईत संगीतप्रधान नाटकं बघताना मी ही एकच कसोटी लावते. शहरातले सगळ्यात खर्चिक प्रयोग नेमके इथेच अडखळतात.

वांद्रे-कुर्ला संकुलात 2023 साली दोन हजार आसनांचं ग्रँड थिएटर सुरू झालं, ते ‘द ग्रेट इंडियन म्युझिकल’ या प्रयोगाने. दिग्दर्शन फिरोज अब्बास खान यांचं, संगीत आपल्या अजय-अतुलचं. डोळ्यांचं पारणं फिटतं, यात शंका नाही. पण इथे नायक आहे देशाची संस्कृती, आणि संस्कृती ही काही भूमिका नव्हे. तिला कुणी नकार देत नाही, तिचा जीव कुणात अडकत नाही. त्यामुळे एकामागून एक देखणे समूह येतात, नाचतात, टाळ्या घेतात आणि मिरवणूक पुढे सरकते. मला ती सगळी मेहनत दिसत होती, आणि एकाही माणसाची काळजी वाटत नव्हती.

भव्यतेचा हा दोष नव्हे. याच दिग्दर्शकाने 2016 मध्ये एनसीपीएत ‘मुघल-ए-आझम’ उभं केलं, तेही डोळे दिपवणारंच. पण तिथे अनारकली भर दरबारात, बादशहाच्या तोंडावर, आपल्या प्रेमाची कबुली गाण्यातून देते. त्या गाण्यानंतर तिला मागे फिरता येत नाही. प्रियांका बर्वे ही भूमिका करताना स्वतः गाते. पुण्याच्या गाण्याच्या घरातली ही मुलगी नाचणाऱ्यांच्या त्या गर्दीतही एकटी पडलेली जाणवते, ती गळ्यामुळे.

ग्रँड थिएटरमध्येच ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आलं. 1959 सालचं हे ब्रॉडवे नाटक, पण त्यातल्या सरगम शिकवण्याच्या गाण्याची बांधणी आजही अभ्यासावी अशी आहे. गाणं सुरू होताना शिकवणाऱ्या बाईला मुलं परकी असतात, संपेपर्यंत ती तिची झालेली असतात. हे आपल्याला नवं थोडंच आहे? 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’त भांडण गाण्याचं, चोरी गाण्याची, सूडही गाण्यातूनच उगवायचा. दारव्हेकरांच्या संहितेतून अभिषेकीबुवांच्या चाली काढून घ्या, गोष्टच उरत नाही.

अलीकडच्या काळात ही जाण मला सगळ्यात लख्ख दिसली ती प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’त. 2017 साली भद्रकाली या नाट्यसंस्थेने ते रंगभूमीवर आणलं. दोनच बायका. तुकोबांची आवली, आणि लखुबाई होऊन तिच्या घरी राबायला आलेली रखुमाई. आवलीच्या पायात काटा रुतला, तो विठ्ठलाने काढला आणि जखम भरेपर्यंत बायकोला तिच्याकडे धाडलं. म्हणजे नवऱ्याच्या लाडक्या भक्ताची बायको, जी त्या नवऱ्याला उठताबसता शिव्या घालते, तिचा पाय मांडीवर घेऊन बसायचं! शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोघी गात गात घरकाम करतात. हात कामात असतात आणि सूर त्या कामाच्या लयीतच उमटतो. जमिनीवर वाकलेल्या अंगाने गाताना श्वास कुठे तुटतो, तेही ऐकू येतं आणि तिथेच आवलीचं पोटुशी असणं खरं वाटू लागतं. गाण्यागणिक दोघींमधलं अंतर बदलत जातं. कुणी देवी राहत नाही, कुणी कजाग राहत नाही. आनंद ओक यांच्या चालींना मैफलीत मिरवायचं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ची वाट पूर्ण वेगळी, कस तोच. राजकुमार तांगडे यांचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, संभाजी भगतांचं संगीत, आणि जालन्याकडची शेतीमातीतली मंडळी रंगमंचावर. शाहिरांचा सामना रंगतो तेव्हा पोवाडा नुसता गायला जात नाही, तो हरतो आणि जिंकतो. माझ्या शेजारचे प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर येऊन ऐकत होते.

मग असं नाटक दुर्मीळ का? एक कारण प्रेक्षक म्हणून आपल्याकडेच आहे. नाट्यपदांच्या मैफलींना आपण गर्दी करतो. तिथे पद छान रंगतं, पण ते कुणी, कुणाला, कशासाठी म्हटलं, हे कुणी विचारत नाही. पात्रापासून तोडलेलं गाणं ऐकायची सवय लागली की नाटकातही आपण गाण्याचीच वाट बघतो आणि प्रवेश मध्ये आल्यासारखा वाटतो.

दुसरं कारण हिशेबाचं. एकांकिका स्पर्धांत कॉलेजची मुलं ढोलकी, पेटी, टाळ घेऊन विंगेत बसतात आणि नटाचा श्वास बघून ठेका सोडतात. तीच एकांकिका दोन अंकी होऊन व्यावसायिक रंगभूमीवर आली की पहिली काट वादकांना लागते. शनिवारी बोरिवली, रविवारी दुपारी ठाणे, रात्री कल्याण अशा धावपळीत चार माणसांची नाइट, जेवण आणि गाडीतली जागा निर्मात्याला जड जाते, हे मी समजू शकते. पण ध्वनिमुद्रित ट्रॅक नटासाठी थांबत नाही. एखाद्या रात्री नटीला ओळ गिळावीशी वाटली, तर तिला तशी मुभाच राहत नाही. नेपथ्याचा एक मजला कमी करा, फिरता रंगमंच नको, पण तबलजी आणि पेटीवाला ठेवा, एवढं मला प्रत्येक निर्मात्याला सांगायचं आहे.