तिकीट काढून घाबरणे

नाटक पडलं तर लेखकाला धरता येतं, सिनेमा पडला तर नटाला. पाळणा पडेल या भीतीने मात्र माणूस फक्त समोरची दांडी धरतो. त्यामुळेच की काय, आपल्याकडे कादंबरीपासून पुरणपोळीपर्यंत सगळ्यांची समीक्षा होते. करमणुकीच्या बागेची कोणी करत नाही. ही उणीव आज भरून काढावी म्हणतो.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली उघडलं आणि 2022 साली बंद झालं. तेहतीस वर्षं एखादं नाटक चाललं असतं तर त्यावर चार प्रबंध आणि एक स्मरणिका निघाली असती. आमच्या मालवणकडच्या लोकांचा या बागेशी संबंध आला तो पाहुणचारातून. आमच्याकडे मुंबईत एक तरी माणूस नसलेलं घर सापडणं कठीण. मे महिन्यात मुंबईकराने गावी येऊन फणस खायचा, आणि गावकरी मुंबईला गेला की त्याला मुंबई दाखवून त्या फणसाची फेड करायची. पूर्वी ही फेड राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि गेटवे एवढ्यात भागायची. 1989 नंतर ती महागली.

पैसे घेऊन माणसाला घाबरवण्याचा धंदा तसा जुना आहे. 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्प्सन नावाच्या गृहस्थांनी चढउताराच्या रुळांवर गाडी सोडली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी सहा मैल! उताराला लागलेली आमची भाताची बैलगाडी याच वेगाने जायची, पण तिचं तिकीट लावावं हे कोणाला सुचलं नाही. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिससाहेबांनी 264 फूट उंच चक्र उभं केलं. त्यात एका वेळी 2160 माणसं बसत. म्हणजे अख्खं गाव एकदम आकाशात, आणि खाली गुरं राखायला कोणी नाही. 1955 साली डिस्नेलँड निघालं. आपल्याकडे 1984 साली दिल्लीत अप्पू घर आलं, तेही 2008 साली मिटलं.

आता गोराईच्या प्रयोगाकडे वळू. पहिला अंक उत्तम, कारण तो खाडीतल्या बोटीत घडायचा. दुसऱ्या अंकात झिपर डिपर नावाची गाडी, शॉट-एन-ड्रॉप नावाचा माणसाला वर नेऊन खाली सोडणारा मनोरा, आणि मॉन्स्टर्स इन द मिस्ट नावाचा भुतांचा अंधार. भुतांची बाजू मला कच्ची वाटते. आरवलीच्या वेतोबाच्या वहाणा रात्री राखण करत फिरून झिजतात, असं मानणाऱ्या मुलखातला प्रेक्षक असल्या भुतांना काय भिणार? शिवाय नावावरूनच कळतं की यांच्याशी मराठीत बोलून भागणार नाही.

पण या बागेचा एक गुण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. मुंबईच्या चाळीत माणसाला ओरडायची सोय नाही. जरा आवाज चढला की शेजारी आमटीची वाटी घेऊन चौकशीला हजर! इथे मात्र आयुष्यभर हेडक्लार्कच्या आवाजात बोललेले वडील उंचावरून खाली येताना पोरासारखे किंचाळायचे, आणि शेजारी बसलेली त्यांची मुलं वडिलांकडे प्रथमच कौतुकाने बघायची. एवढ्यासाठी कोणी तिकीट काढलं असेल तर ते पैसे फुकट गेले असं मी म्हणणार नाही.

आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला त्याच्या भाच्याने असंच तिकडे नेलं होतं. परत आल्यावर मी विचारलं, "काय आवडलं?"

"होडी," तांडेल म्हणाला. "बाकीचा सगळा आमका पावसाच्या तोंडार फुकट गावता."

यावर वाडी हसली. मीही हसलो. पण समीक्षक म्हणून मला त्याच्या पुढच्या वाक्याचं मोल जास्त वाटतं. म्हातारा म्हणाला, "एक मात्र बरा. तो पोरगो सगळ्यांची दांडी दोनदा वढून बघी."

बागेची खरी कारागिरी नेमकी इथे आहे. भीती काय, कुठेही मिळते. ती दांडीच्या आत बसवून विकणं कठीण. दांडी आहे म्हणून माणूस किंचाळून झाल्यावर हसत खाली उतरतो आणि भेळ खातो. तांडेलाचीही दांडी असते, ती त्याच्या डोक्यात. वारा कुठला, भरती कधीची, आणि मुख्य म्हणजे आज होडी लोटायची की नाही.

आता करमणुकीची बाग आमच्याच दारात आली आहे. तारकर्लीला स्कूबा आहे, देवबागला बनाना बोट आहे, मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याला होड्या सुटतात. त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटतात, तेव्हा नाक मुरडण्याचं मला कारण नाही. पण गोराईची बाग मिटली त्याच 2022 सालच्या मे महिन्यात, पावसाच्या तोंडावरच, तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. फिरायला आलेली माणसं होती ती. संध्याकाळी खोलीवर परतून ती सुरमई खाणार होती.

समुद्राला कळ नाही आणि ती बंद करणारा पोरगाही नाही. मग दांडी आपणच व्हायला हवं: माणसं मोजून घ्यायची, प्रत्येकाच्या जॅकेटचा पट्टा ओढून बघायचा, आणि हातात नोटा घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला "आज नाय, उद्या येवा" म्हणायचं. "येवा, कोकण आपलाच असा" हे आमंत्रण आम्ही जगाला देऊन बसलो आहोत. आलेला पाहुणा धडपणी घरी पोचला, तरच त्याला अर्थ.