धरणारा आणि सोडणारा सोल

कोर्टवर खेळायचा बूट घेताना तो आधी उलटा करून बघावा. वरचे रंग, पट्टे आणि कंपनीचं नाव यांचा खेळाशी फारसा संबंध नसतो. खेळाडूच्या कामाचं जे काही आहे ते खाली, सोलवर कोरलेलं असतं आणि ते सावकाश वाचावं इतकं चांगलं असतं.

माझ्यासमोर आहे तो बॅडमिंटनचा, बेताच्या किमतीचा बूट. सोल पिवळसर तपकिरी, उजेडाकडे धरला तर कडेला किंचित पारदर्शक. याला गम रबर म्हणतात. हा रंग हौसेचा नाही. रबराला बळकटी यावी म्हणून त्यात काजळी मिसळतात. गाड्यांचे टायर काळे असतात ते त्यामुळेच. पण काजळीचं रबर हॉलच्या लाकडी फळ्यांवर काळे ओरखडे उठवतं, म्हणून या सोलमध्ये ती वगळतात किंवा तिच्या जागी सिलिका घालतात. बुटावर ‘नॉन-मार्किंग’ छापलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच. अंगठ्याचं नख या रबरात दाबलं तर खळी पडते आणि बोट उचललं की ती भरून येते. सोलची निम्मी करामत या खळीत आहे.

शाळेच्या पुस्तकात घर्षणाचा एक नियम असतो: दोन पृष्ठभाग किती जागेवर टेकले आहेत, यावर घर्षण अवलंबून नसतं. लाकूड, लोखंड हा नियम बऱ्यापैकी पाळतात. रबर पाळत नाही. मऊ रबर जमिनीच्या बारीक खाचाखोचांत उतरतं, मिळेल तितक्या जागेला भिडतं आणि हे भिडणं थेट रेणूंच्या पातळीवरचं असतं. शिवाय सरकताना ते दबतं, परत फुगतं आणि त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन खर्ची पडते; तोही अडसर पकडीत जमा होतो. म्हणून गुळगुळीत कोर्टवर जितकं जास्त रबर टेकेल तितकं बरं. दुधनी गावच्या शिवारात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला उंच दात लागतात, कारण काळी माती दबते आणि दात तिच्यात रुततात. हॉलची फरशी दबत नाही. तिथे जाड, दातेरी सोलचा धावण्याचा बूट घालून उतरणं म्हणजे चार टोकांवर उभं राहणं. टेकलेलं रबर थोडं आणि घोटा उगाच उंचावर.

या सोलवर तसे दात नाहीत. पंजाखाली कोनाकोनात मोडत गेलेल्या उथळ रेघा आहेत. दुकानात या नक्षीला हेरिंगबोन म्हणतात, पण तिला नक्षी म्हणणं अन्यायाचं आहे. प्रत्येक रेघेला कडा असते आणि कडेवर आडवा येणारा जोर ती सगळ्यांत चांगला अडवते. रेघा नुसत्या आडव्या असत्या तर पुढे धावताना आणि थांबताना छान, पण बाजूला झेपावताना निकामी. रेघ मोडल्यामुळे तिची एक भुजा डावीकडच्या जोराला तोंड देते, दुसरी उजवीकडच्या आणि पुढचा-मागचा जोर दोघी मिळून घेतात. मधल्या खाचेत घामाच्या थेंबाला आणि धुळीच्या कणाला बाजूला व्हायला जागा मिळते. शोभेसाठी ओढलेली एकही रेघ इथे नाही.

मग अंगठ्याच्या मागे, पंजाचा उंचवटा जिथे टेकतो तिथे या रेघा एकदम थांबतात आणि एकात एक गोल सुरू होतात. हा सोलमधला सगळ्यांत शहाणा भाग. गोलाच्या कडा पायाचं सरकणं अडवतात, मात्र आपल्याच केंद्राभोवती फिरणं त्या अडवत नाहीत. म्हणजे एकाच जागी, नाण्याएवढ्या रबरावर, दोन उलट्या गोष्टींची सोय केली आहे: इथून घसरू नकोस, पण वळायचं असेल तर वळ. ही सोय नसेल तर काय होतं ते क्रीडावैद्यकवाल्यांना चांगलं माहीत आहे. पाय जमिनीला खिळलेला आणि अंग वळलेलं, अशा वेळी सगळा पीळ गुडघ्यात जातो. गुडघ्याच्या आतला क्रूशिएट लिगामेंट फाटतो तो पुष्कळदा असाच, कुणाचा धक्कासुद्धा न लागता.

ग्रिप वाढवा, ग्रिप वाढवा असा धोशा लावणाऱ्या प्रत्येकाने हा गोल एकदा नीट बघावा.

चिकटणाऱ्या सोलचं काय होतं याची एक जुनी हकिकत बूट बनवणाऱ्यांत सांगतात. जपानमध्ये कोबे शहरात किहाचिरो ओनित्सुका यांनी १९४९ मध्ये बुटांची कंपनी काढली. तीच पुढे असिक्स झाली. बास्केटबॉलचे खेळाडू त्यांना सांगत की धावता धावता एकदम थांबता येत नाही, पाय सरकतो. १९५१ च्या उन्हाळ्यात जेवताना काकडीच्या कोशिंबिरीतला ऑक्टोपसचा तुकडा वाडग्याला चिकटून बसलेला त्यांना दिसला. त्याच्या चोषकांवरून त्यांनी वाट्या-वाट्यांचा सोल तयार केला. पहिला बूट इतका घट्ट धरू लागला की खेळाडू थांबले आणि तोंडावर आपटले. मग त्यांनी वाट्या उथळ केल्या आणि बूट चालला. या गोष्टीतला ऑक्टोपस सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला त्या उथळ केलेल्या वाट्यांचं मोल जास्त वाटतं. धरणं त्यांना ऑक्टोपसकडून मिळालं, सोडणं मात्र स्वतः शोधावं लागलं.

आपल्याकडे हाच प्रश्न खो-खोने आपल्या पद्धतीने उभा केला आहे. हा मातीतला खेळ. १९१४ मध्ये पुण्यात त्याचे नियम बांधायला सुरुवात झाली आणि त्यानंतर कित्येक पिढ्या तो अनवाणी खेळल्या. पाणी मारून, रोलर फिरवून बसवलेलं मैदान वरून घट्ट आणि आतून किंचित ओलसर असतं. त्यात अंगठा जरासा रुततो, रेटा देतो आणि पाय निघताना मातीचा पापुद्राच सुटून येतो. म्हणजे धरण्याचं काम बोटं करायची आणि सोडण्याचं काम माती करायची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग मॅटवर सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये पहिला विश्वचषक झाला, तोही मॅटवर. मॅट रुतू देत नाही आणि तिचा पापुद्राही सुटत नाही. अनवाणी पाय तिच्यावर घासला तर कातडी भाजल्यासारखी निघते. बोटांचं आणि मातीचं, दोघांचंही काम एकट्या बुटाच्या सोलकडे आलं.

त्या विश्वचषकात पुरुष आणि महिला, दोन्ही विजेतेपदं भारताने घेतली आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. पुरुषांच्या संघात आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप होता. नेपाळविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताने ५४–३६ अशी बाजी मारली, त्यात कश्यपने हवेत झेपावून मारलेला सूर बघणाऱ्यांच्या लक्षात राहिला असेल. अशा सुराचं कौतुक हातापासून सुरू होतं, कारण गडी बाद होतो तो हात लागल्यावर. मी ते पायापासून सुरू करीन.

पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, खांब गाठल्याशिवाय मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. समोरचा धावक मात्र मोकळा. त्यामुळे सूर मारायची संधी येते तेव्हा ती पावलाभराची असते. शेवटचं पाऊल पडतं ते पंजावर. गुडघा वाकतो, अंगाचा सगळा भार पुढे कलतो आणि सोलच्या पुढच्या तीन-चार बोटं जागेवर तो येतो. या क्षणी त्या मोडक्या रेघा मॅटला भिडून राहिल्या पाहिजेत. तसूभर जरी सरकल्या तरी रेटा मागे वाया जातो आणि हात धावकाच्या पाठीला वीतभर कमी पडतो. लगेच पुढच्याच क्षणी त्याच रबराने मॅट सोडलीही पाहिजे, पंजाकडून अंगठ्याकडे उलगडत, न अडखळता. पाय किंचित जरी रेंगाळला तरी सूर आडवा न जाता खाली जातो. हात लागतो, गडी बाद होतो आणि मग छातीवर येऊन शरीर मॅटवरून घसरत जातं. तिथे घसरणंच हवं असतं! छाती जागीच धरली गेली तर हनुवटी आणि मान फुकट मार खातात. एका उडीत तीन वेगवेगळी घर्षणं लागतात आणि तिन्ही आपापल्या जागी नेमकी लागतात.

धावकाची हुलकावणी याच्या उलट्या अंगाने सुंदर. तो पाठलाग करणाऱ्याला अगदी जवळ येऊ देतो, बाहेरचा पाय टाकतो, खांदा त्या बाजूला झुकवतो आणि आतल्या बाजूने बसलेल्या दोघांच्या मधून निघून जातो. बाहेरच्या पायाने खरोखरच भार घेतला पाहिजे, नाहीतर समोरचा फसत नाही. भार घेतला आणि तो पाय तिथेच अडकला तर स्वतः धावकच फसतो. साखळी पद्धतीने, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी धावत, खेळणारा चांगला धावक दर दोन पावलांनी हे करत असतो. प्रेक्षकाला फक्त खांदा दिसतो.

दुधनीसारख्या गावात या सगळ्यात आणखी एक पात्र असतं, आणि ते म्हणजे धूळ. सोलापूर-कलबुर्गी रेल्वेमार्गावरचं, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेलं हे गाव, तुरीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. भोवती काळी जमीन. ही माती पावसात बुटाला ढेकळाने चिकटते आणि वाळली की पिठासारखी होते. ते पीठ सोलच्या खाचांत बसतं. तोच बूट घालून मुलगा हॉलमध्ये शिरतो, आणि उत्तम रबर असूनही तो घसरतो, कारण त्याचं रबर फरशीपर्यंत पोचतच नाही. मधे मातीचे कण असतात, ते गडगडतात आणि पाय त्यांच्यावरून जातो. खरेदी करताना हजार रुपये जास्त मोजून जे मिळणार नाही ते इथे एका ओल्या फडक्याने मिळतं. दाराशी फडकं ओलं करून, घट्ट पिळून ठेवावं आणि दोन्ही सोल त्याच्यावर घासून आत जावं, मध्यंतरात पुन्हा. फडकं पिळलेलं हवं, कारण रबर आणि फरशी यांच्यामध्ये राहिलेला पाण्याचा पातळ थर धुळीइतकाच घातक. आठवड्यातून एकदा जुना दातांचा ब्रश आणि साधं साबणाचं पाणी घेऊन रेघांच्या खाचा साफ कराव्यात आणि बूट सावलीत वाळवावा. त्याहून चांगला उपाय एकच: कोर्टचा बूट रस्त्यावर घालायचाच नाही. घरून चप्पल घालून यावं, बूट पिशवीत आणावा. यासाठी दुसरा जोड लागत नाही.

साफ झालेला सोल आवाजाने कळतो. चांगल्या हॉलमध्ये खेळ चालू असताना जो चीं-चीं आवाज येतो, तो रबर अतिशय वेगाने धरण्या-सोडण्याचा आवाज असतो. रबर धरतं, ताणतं, सुटतं, पुन्हा धरतं; सेकंदाला हजारो वेळा हे होतं आणि ती थरथर कानाला चिरका स्वर म्हणून ऐकू येते. पुष्कळांना तो त्रासदायक वाटतो. मला तो ऐकत बसायला आवडतं, कारण खेळाडूचा सोल आणि कोर्ट एकमेकांशी नीट बोलत असल्याची ती खूण आहे. एखाद्याच्या बुटाचा आवाज मधेच बंद झाला तर त्याला थांबवून फडक्याकडे पाठवावं.

मुलं काही वेगळे उपायही करतात आणि त्यांना वेळीच अडवायला हवं. कोल्ड्रिंक सांडून त्यात पाय ठेवला तर पहिले चार पॉइंट पाय छान चिकटतो. नंतर तीच साखर कोर्टवरची सगळी धूळ गोळा करते आणि मागून खेळणाऱ्यांच्या पायाखालीही ती घाण जाते. पेट्रोल किंवा रॉकेलने सोल पुसल्यावर तो चकचकीत दिसतो, पण त्याने रबर फुगतं आणि चिकटवलेला सोल सुटू लागतो. सँडपेपरने घासणं फक्त वरचा कडक झालेला पापुद्रा काढण्यापुरतं, अगदी हलक्या हाताने. जोर लावला तर रेघांच्या कडाच जातात आणि पकडीचा अर्धा भाग त्या कडांचा होता.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. घसरणं दोन मजल्यांवर होतं. सोल आणि कोर्ट यांच्यामध्ये जसं होतं, तसंच पाय आणि बूट यांच्यामध्येही होतं. एक नंबर मोठा बूट “पुढच्या वर्षीही चालेल” म्हणून घेतला जातो. मग सोल जागेवर थांबतो, पण आतला पाय पुढे जाऊन अंगठा टोकावर आदळतो, नख काळं पडतं आणि मुलगा म्हणतो की बुटाला ग्रिप नाही. नेमक्या मापाचा बूट, जाडसर सुती मोजा आणि वरच्या शेवटच्या भोकापर्यंत ओढून बांधलेली नाडी, एवढ्याने पुष्कळ तक्रारी मिटतात. चांगला बूट परवडत नसेल तर स्वस्तातला चालेल, सैल चालणार नाही.

आणि रबर म्हातारं होतं, न वापरताही. हवेतला ऑक्सिजन आणि ऊन त्याला हळूहळू कडक करतात. म्हणून मोठ्या स्पर्धेसाठी दोन-तीन वर्षं कपाटात जपून ठेवलेला, रेघ न रेघ शाबूत असलेला जोड ऐन वेळी दगा देऊ शकतो. रोजचा झिजलेला बूट त्याच्यापेक्षा बरा धरतो. स्पर्धेला निघण्याआधी सोलवर नख दाबून बघावं. खळी पडून भरून आली तर जोड घ्यावा. नखच वाकलं तर तो बूट बाजारात जायला ठेवावा आणि पंजाखालचे गोल अजून दिसत असतील तर रोजचाच जोड पिशवीत टाकावा.