दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक : जयंत नारळीकरांच्या कथेतील मितीविचार

१

लोकसुलभ विज्ञानलेखनाची खरी कसोटी लागते ती ज्या गोष्टीचे चित्र काढता येत नाही तिच्यापाशी. धूमकेतूचे छायाचित्र देता येते, ग्रहणाची आकृती काढता येते; परंतु तीनपेक्षा अधिक मिती असलेल्या अवकाशाचे दर्शन लेखकालाही झालेले नसते. गणितज्ञाच्या दृष्टीने यात गूढ असे काही नाही. रीमानने १८५४ साली कितीही मितींच्या अवकाशाची भूमिती मांडली, मिंकोव्स्कीने १९०८ साली काळाला चौथ्या निर्देशकाचे स्थान दिले आणि कालुझाने १९२१ साली गुरुत्व व विद्युत्‌चुंबकत्व यांची सांगड घालण्यासाठी पाचव्या मितीचा आधार घेतला. मात्र ज्याला समीकरण वाचता येत नाही अशा वाचकापुढे हाच विषय ठेवायचा तर दृष्टान्ताखेरीज अन्य साधन उरत नाही. म्हणूनच हा प्रश्न विज्ञानाइतकाच साहित्यविचाराचाही ठरतो.

जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांचे मराठी लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. ‘कृष्णविवर’ ही त्यांची पहिली विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी लिहिली गेली. आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने धाडली, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या काळात ‘यक्षांची देणगी’ (१९७९) हा कथासंग्रह, कादंबऱ्या, ‘आकाशाशी जडले नाते’सारखा ग्रंथ आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र अशी त्यांची वाटचाल झाली. नाशिक येथे २०२१ साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या कथांपैकी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या दोन कथा मितीविचाराच्या संदर्भात विशेष महत्त्वाच्या आहेत. त्यांतील दृष्टान्त कोठवर टिकतो आणि कोठे सुटतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मराठी वाङ्मयाला दृष्टान्ताचे शास्त्र नवीन नाही. चक्रधरांच्या निरूपणातील एकशे चौदा दृष्टान्त केशिराजांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. त्यांची रचना त्रिविध आहे : प्रथम सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक. दृष्टान्त ही लौकिकातील गोष्ट. ती मूळ सूत्राला कोणत्या अंगाने लागू पडते हे सांगणारा भाग म्हणजे दार्ष्टान्तिक. आधुनिक विज्ञानलेखनात सूत्र असते, दृष्टान्तही असतो. बहुधा गळतो तो दार्ष्टान्तिक. वाचकाला गोष्ट लक्षात राहते, पण तिच्यातील काय घ्यावे आणि काय टाकावे हे त्याला कोणी सांगत नाही.

उच्च मितींच्या बाबतीत सर्वाधिक रुळलेला दृष्टान्त इंग्रजी आहे. एडविन अॅबट यांनी १८८४ साली ‘फ्लॅटलँड’मध्ये सपाट जगातील चौकोनाची कथा सांगितली. या जगातून गोल आरपार जाऊ लागला की तेथील रहिवाशांना एक बिंदू, मग वाढते व पुन्हा आकसणारे वर्तुळ एवढेच दिसते. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९८० च्या ‘कॉसमॉस’ मालिकेत गोलाच्या जागी सफरचंद आणून हीच कल्पना कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत पोचवली. जन्मांधांनी हत्ती चाचपण्याचा जो दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठा’त आहे त्याच्याशी याचे नाते उघड आहे : अंश हाती येतो, अंशी येत नाही. परंतु दोहोंत एक भेद आहे. हत्ती सबंध पाहणारा डोळस माणूस जगात असतो. चौथ्या मितीतील वस्तू सबंध पाहणारा मात्र कोणी नाही. सपाट जगाची गोष्ट ऐकताना वाचक आपसूक डोळसाच्या जागी बसतो, आणि जे समजलेले नाही ते समजल्याचे समाधान घेऊन उठतो.

या रिकाम्या जागेत कोणीतरी येऊन बसण्याचा धोका असतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरणही एका खगोलशास्त्रज्ञाचेच आहे. लाइपझिगचे योहान त्सोल्नर यांनी १८७७ साली हेन्री स्लेड या मृतात्म्यांशी संपर्काचा दावा करणाऱ्या माध्यमावर प्रयोग केले. दोन्ही टोके लाखेने बंद केलेल्या दोरीला गाठी पडल्या, तेव्हा त्यांनी असा निष्कर्ष काढला की हे काम चौथ्या मितीत वावरणाऱ्या जीवांचे. त्याच त्सोल्नर यांनी एक चोख कसोटीही सुचवली होती : गोगलगाईच्या शंखाचा पीळ उलटा करून दाखवावा. चौथी मिती उपलब्ध असेल तर हे सहज व्हावे, आणि हातचलाखीने ते साधणे कठीण. ही कसोटी मात्र पार पडली नाही. त्सोल्नर यांचे गणित चुकलेले नव्हते. संभाव्य मितीला त्यांनी रहिवासी बहाल केले, तेथे ते घसरले.

३

डाव्या-उजव्याचा पेच हा मितीविचाराचा जुना दरवाजा आहे. डावा व उजवा हात मापाने तंतोतंत सारखे, तरीही एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही. कांटने १७६८ साली या विसंगतीकडे लक्ष वेधले. मोबियसने १८२७ साली दाखवले की अशा दोन आकृती एकमेकींवर बसवण्यासाठी चौथी मिती लागेल, आणि तिची कल्पना करता येत नाही असेही तो म्हणाला. एच. जी. वेल्स यांनी १८९६ साली ‘द प्लॅटनर स्टोरी’त याचीच कथा केली. शाळेतील स्फोटात नाहीसा झालेला मास्तर नऊ दिवसांनी परततो तेव्हा त्याचे हृदय उजवीकडे गेलेले असते. परंतु वेल्सलाही ती जागा रिकामी ठेववली नाही. प्लॅटनरला तेथे हिरव्या प्रकाशातले परलोक आणि जिवंतांकडे टक लावून पाहणारे मूक चेहरे दिसतात.

नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेतही माणसाचे डावे-उजवे बदलते आणि मूर्तीची सोंड वळते. वेल्सच्या कथेशी तिचे कुळ एक आहे; पण दोन ठिकाणी ती वेगळी वाट धरते. पहिले वेगळेपण उदाहरणाच्या निवडीत आहे. वेल्सच्या वाचकाला हृदयाची बाजू बदलणे ही केवळ शारीरिक नवलाई वाटते. मराठी वाचकाच्या मनात मात्र सोंडेच्या दिशेला आधीपासून वजन आहे. डाव्या सोंडेचा गणपती घरोघरी बसतो. उजव्या सोंडेचा कडक, त्याचे सोवळे-ओवळे सांभाळावे लागते अशी समजूत आहे. प्रभादेवीचा सिद्धिविनायक आणि अष्टविनायकांतील सिद्धटेकचा गणपती उजव्या सोंडेचे म्हणून ओळखले जातात. आरशातील प्रतिबिंब ही मूळ वस्तूहून निराळी वस्तू आहे, हे इतरत्र युक्तिवादाने पटवावे लागते. येथे वाचक ते श्रद्धेच्या किंवा निदान संस्काराच्या पातळीवर मानूनच कथेत शिरतो. भूमितीला हवी असलेली संवेदनशीलता परंपरेने तयार करून ठेवली आहे, आणि लेखक ती फक्त उसनी घेतो.

सोंड उजवी म्हणजे कोणाच्या उजवीकडे, हा प्रश्नही याच परंपरेत दडलेला आहे. मूर्तीची उजवी बाजू ही समोर उभ्या असलेल्या भक्ताची डावी बाजू असते. ज्या दुर्मिळ शंखाला आपल्याकडे ‘दक्षिणावर्ती’ म्हणतात तो जीवशास्त्राच्या परिभाषेत डाव्या वळणाचा मानला जातो. दिशेचे नाव पाहणाऱ्यावर अवलंबून राहते. दोन रूपांतील भेद मात्र पाहणाऱ्यावर अवलंबून नसतो. नारळीकरांच्या कथेचा गाभा या दुसऱ्या विधानात आहे.

दुसरे वेगळेपण अधिक मोलाचे आहे. नारळीकरांच्या कथेत त्या पलीकडच्या जागी कोणीही राहत नाही. तेथे परलोक नाही, चेहरे नाहीत, संदेश नाही. मिती येथे केवळ परिणामातून कळते : वस्तू गेली तशी परतली नाही, तिचे डावे उजवे झाले. सर्वसाधारण मूर्तीला दुर्मिळ करणारी ही घटना प्रयोगातून घडते आणि तिचे कारण भौतिक असते. लेखक श्रद्धेची चेष्टा करत नाही, पण दुर्मिळतेला दैवी कारण लागत नाही हे कथा न बोलता सांगून जाते. २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची सांख्यिकीय चाचणी घेण्यात पुढाकार घेणाऱ्या वैज्ञानिकाची दृष्टी येथे कथारूपाने आधीच दिसते.

४

तथापि या कथेच्या दृष्टान्तात एक फट आहे, आणि ती झाकून तिचे मोल वाढणार नाही. कथा आधार घेते तो मोबियस पट्टीच्या दृष्टान्ताचा. पट्टीला एक पीळ देऊन टोके जोडली की तिच्यावरून एक फेरी मारलेली सपाट आकृती उलटी होऊन परतते. येथे पट्टीला जाडी नाही असे धरावे लागते. कागदावर रेखाटून पाहणाऱ्याला आकृती ‘मागल्या बाजूला’ गेल्याचा भास होतो आणि मुद्दा हुकतो. शिवाय उलटापालट घडवण्याचे मार्ग मुळात दोन आहेत. कापलेला कागदी पंजा उचलून पालथा ठेवला तर तो अधिकची मिती वापरून उलटला. मोबियस पट्टीवरून फिरून आलेला पंजा मात्र आपल्या दोन मितींबाहेर क्षणभरही गेलेला नसतो. पहिल्या मार्गाला वरची मिती लागते, दुसऱ्याला अवकाशाचा पीळ पुरतो. पट्टीचा दृष्टान्त ऐकून वाचक ‘चौथी मिती’ समजल्याचे मानतो, तेव्हा त्याने प्रत्यक्षात दुसरीच गोष्ट समजून घेतलेली असते. दृष्टान्त उत्तम आहे, मात्र दार्ष्टान्तिक अर्धाच राहिला आहे.

ही उणीव नारळीकरांच्या कथारचनेशी निगडित आहे. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान. नारळीकरांच्या कथेत हा क्रम उलटतो. आधी चमत्कारिक घटनेचे आख्यान, आणि शेवटी जाणकाराच्या तोंडी निरूपण. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे प्राध्यापक एका निराळ्या मुंबईत जाऊन येतात. तेथे पानिपतावर विश्वासराव वाचले आहेत आणि मराठ्यांचा जय झाला आहे. परतल्यावर बखरीचे एक पान तेवढे पुराव्यादाखल त्यांच्यापाशी उरते. मग शास्त्रज्ञ मित्र आपत्ती सिद्धान्त आणि पुंज सिद्धान्तातील अनिश्चितता यांच्या आधारे उलगडा करतो. श्रोत्याची उत्कंठा आख्यानात खर्च झाल्यावर निरूपण येत असल्याने ते त्रोटक ठेवावे लागते, आणि पात्रे विधानांची वाहक होतात. मराठी विज्ञानकथेवर घेतला जाणारा हा आक्षेप अनाठायी नाही.

तरीही या दुसऱ्या कथेत भाषाच लेखकाच्या साहाय्याला येते. ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून आलेला ‘मिती’ हा शब्द जुन्या मराठी पत्रांत तिथीसाठी येतो. पत्राच्या शिरोभागी मिती घालण्याची रीत होती. विज्ञानाने हाच शब्द दिशांच्या संख्येसाठी घेतला. पानिपताची मिती, १४ जानेवारी १७६१, ही गंगाधरपंतांच्या कथेत फाटा फुटण्याची जागा ठरते. काळ ही एक मिती आहे हे इंग्रजी वाचकाला नव्याने शिकावे लागते. मराठीत ते शब्दाच्या पोटातच आहे. लेखकाने हे सामर्थ्य जाणीवपूर्वक वापरलेले दिसत नाही, पण कथेचा परिणाम त्यामुळे गहिरा होतो.

५

‘मिती’ला आज तिसरा अर्थ चिकटला आहे. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत संगणकप्रणाली लिहिणाऱ्या मराठी अभियंत्याला अनेक मितींचे अप्रूप उरलेले नाही. २०१३ नंतर रूढ झालेल्या पद्धतींत एकेक शब्द तीनशे आकड्यांच्या ओळीने, म्हणजे तीनशे मितींच्या अवकाशातील बिंदूने, दाखवला जातो. त्याच्या लेखी मिती म्हणजे तक्त्यातील आणखी एक स्तंभ. सपाट जगाचा दृष्टान्त या वाचकाला बाळबोध वाटण्याचा संभव आहे. पण स्तंभ वाढवण्याच्या सरावातून एक गोष्ट आपोआप कळत नाही : एक मिती वाढली की केवळ जागा वाढत नाही, पूर्वी अशक्य असलेले वळण शक्य होते. तीनशे मितींतील आकृतीचे प्रतिबिंबही तीनशे एकाव्या मितीतून वळवून मूळ आकृतीवर बसवता येते. संख्येचा सराव असलेल्या या वाचकाला उलटलेल्या सोंडेची कथा अद्यापि काही शिकवू शकते, ते याच कारणाने.

उच्च मितींवरील लोकसुलभ लेखनाचे मूल्यमापन करताना त्यामुळे चित्र किती मोहक आहे यापेक्षा दोन प्रश्न अधिक उपयोगी ठरतात. दृष्टान्त कोठे संपतो हे लेखन सांगते काय? आणि न दिसणारी जागा ते रिकामी ठेवते काय? नारळीकर पहिल्या प्रश्नात अर्धे उतरतात, दुसऱ्यात पूर्ण. त्सोल्नर आणि वेल्स यांच्या शेजारी ठेवून पाहता हा संयम लहान नाही. जेफ्री बर्बिज यांच्यासह २००८ साली लिहिलेल्या विश्वरचनाशास्त्रावरील ग्रंथाच्या शीर्षकातच त्यांनी तथ्ये आणि तर्क यांची फारकत केली आहे. कथालेखकाला तर्काची मुभा असते, आणि ती त्यांनी घेतली. मात्र तर्काने उघडलेल्या दालनात देवता, पितर वा प्राचीन सर्वज्ञता आणून बसवण्याचा मोह त्यांनी टाळला. गणपतीची सोंड वळवूनही कथा अवकाशाविषयीच बोलत राहते.

ज्या अर्ध्या दार्ष्टान्तिकाची उणीव येथे दाखवली ते पुरे करण्याचे काम पुढील मराठी विज्ञानलेखकांकडे उरते. त्यासाठी नवे रूपक शोधण्यापूर्वी केशिराजांची त्रिविध रचना पुन्हा एकदा तपासून पाहणे हिताचे ठरेल.