रिकाम्या घरांचा तक्ता

युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला १२८ घरांचा एक तक्ता मिळाला. २३०४ ते २४३१ हे त्या घरांचे क्रमांक, आणि संगणक आपलं अक्षर ओळखतो तो या क्रमांकाने. एरवी हे पान फक्त तंत्रज्ञ उघडतात. मला मात्र ते व्याकरणाच्या चांगल्या ग्रंथासारखं सावकाश वाचावंसं वाटतं.

‘स्त्री’ हा शब्द घ्या. डोळ्यांना दिसतं एकच भरगच्च जोडाक्षर, पण तक्त्यात ते कुठेच नाही. तिथे आहेत सहा क्रमांक: स, पाय मोडण्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि दीर्घ वेलांटी. त्यांची गुंफण फॉन्टने करायची. पाटीवर मानाने गिरवलेल्या क्ष आणि ज्ञ यांनाही वेगळं घर नाही. तेही उकलूनच ठेवले आहेत. असंख्य जोडाक्षरांचा भार २३८१ क्रमांकाच्या एका खुणेवर टाकला, ही काटकसर झालीच. त्याहून मला मोलाचं वाटतं ते हे की इथे उच्चाराचा क्रम पाळला आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी क-च्या आधी दिसते. साठवताना मात्र क पहिला आणि इकार मागून, जीभ उच्चारते तसा.

या मांडणीचं मूळ भारतातलंच आहे. १९८८च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवर हा तक्ता बेतलेला आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना एकच सांगाडा, हे इस्कीचं सूत्र. म्हणून देवनागरीचा क २३२५वर, त्यात १२८ मिळवले की बंगालीचा क २४५३वर. अशाच पावलांनी गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड करत मल्याळमचा क ३३४९वर भेटतो. आणि खरी गोडी आहे ती मोकळ्या घरांत. तमिळ लिपीत ख, ग, घ नाहीत, तर तिच्या क-पुढची तीन घरं तशीच सोडून मग ङ येतो. बंगालीत ळ-च्या वाट्याचं २४८३ हे घर आजही रिकामं आहे. तिथे दुसरं एखादं अक्षर बसवून जागा वाचवता आली असती. ती वाचवली नाही, म्हणून नऊ लिप्यांचं नातं नुसत्या बेरीज-वजाबाकीत दिसतं. कोणाकडे काय नाही, हेही इतक्या आदराने नोंदवणारा तक्ता मी दुसरा पाहिलेला नाही.

या सामाईक सांगाड्याची किंमत आपल्या ळ-ने मोजली आहे. मुळाक्षरांत तो ह-नंतर येतो, इथे तो ल-च्या शेजारी, २३५५वर आहे. मराठी शब्द अकारविल्हे लावायचे तर नुसत्या क्रमांकांवर विसंबून चालत नाही, संगणकाला वेगळा नियम द्यावा लागतो. ही तडजोड मला मान्य आहे.

माझं सर्वांत आवडतं घर २३५३चं. तिथला ऱ ठेवला आहे द्राविडी भाषांतला एक र दाखवण्यासाठी. पण त्याचा पाय मोडला की उमटतो आपला ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही पाच-पाच क्रमांकांचे शब्द. चार जसेच्या तसे, बदलतो तो एकच: पहिल्यात २३५२, दुसऱ्यात २३५३. मराठी कानाला ऐकू येणारा भेद इतक्या नेमकेपणाने टिपलेला पाहून मन भरून येतं.

‘ॲ’च्या बाबतीत मात्र उशीर झाला. जुन्या तक्त्यात ए-वर चंद्र असलेला ऍ होता; मराठी वळणाचा, अ-वर चंद्र असलेला ॲ आला २००८ साली, २४१८ या घरात. तोवर लोक अ आणि चंद्र हे दोन क्रमांक जोडून काम भागवत होते. दिसायला दोन्ही सारखेच, पण युनिकोड त्यांना एक मानत नाही. त्यामुळे जुन्या मजकुरातला ‘ॲटम’ नव्या ‘ॲ’ने शोधला तर, दोन्ही रूपं जुळवण्याची वेगळी सोय केलेली नसेल तिथे, तो आजही सापडत नाही.