खाडाखोड

चित्रकलेतलं मला काय कळतं, असं कुणी विचारायच्या आत मीच सांगून टाकतो : काही नाही. मी बी.कॉम. शाळेत मी काढलेल्या गायीला ड्रॉइंगच्या मास्तरांनी 'टेबल बरं आलंय' म्हणून दहापैकी चार मार्क दिले होते. पुढे बँकेत चिकटलो, आणि रेघा मारायच्या त्या फक्त बेरजेखाली, त्याही दोनच, असं आयुष्य ठरून गेलं. तेव्हा चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या चित्रांवर मी टीकालेख लिहावा हा आगाऊपणाच आहे. पण त्याला जबाबदार मी नाही. हयातीचा दाखला जबाबदार आहे.

दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे पटवून द्यायला पेन्शनर मंडळी आमच्या नांदेडच्या शाखेत येतात. त्यांतले इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक यंदा काखेत पुस्तक घेऊन आले. रांग मोठी होती. त्यांनी पुस्तक माझ्या काउंटरवर उघडलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही हिशेबाची माणसं. या चित्रात काय गडबड आहे ते ओळखा बरं."

चित्रात एक सुलतान ऐटीत सिंहासनावर बसलेला. भोवती दासी, त्यांच्या लांब वेण्या, वेण्यांना गोंडे. आणि सुलतानाच्या अगदी जवळ, जवळजवळ मांडीवरच म्हणा ना, एक डाग. नीट पाहिलं तर डागाला माणसाचा आकार. मी ताबडतोब म्हणालो, "खाडाखोड आहे. आणि खाली सही नाही."

प्राध्यापक इतके खूश झाले, की दाखला न देताच घरी गेले. पुस्तक मात्र माझ्याकडेच राहिलं.

ही चित्रं 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाच्या फारसी काव्याच्या हस्तलिखितातली. कवी आफ्ताबी. पोथी पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. चित्रं उरलीत बारा. काव्य अहमदनगरच्या हुसेन निजामशहाचं, म्हणजे ज्याने इतर सुलतानांना जोडीला घेऊन 1565च्या जानेवारीत तालीकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला त्याचं. रामरायाचं शीर उडवल्याचंही एक चित्र आहे. ते कुणी पुसलेलं नाही. रक्त चालतं. पुसली आहे ती फक्त बाई.

ही बाई म्हणजे सुलतानाची बेगम, खुंजा हुमायून. आपल्याला चांदबिबी ठाऊक असते, ही तिची आई. लढाईनंतर काही महिन्यांतच हुसेनशहा वारला. मुलगा मुर्तजा लहान, तेव्हा राज्याचा कारभार हिने हाती घेतला. पोथीची चित्रं याच काळात झाली असावीत असं जाणकार मानतात. म्हणजे चित्रकारांची बिलं बहुधा हिच्याच सहीने पास झाली! मग 1569च्या सुमारास मुलाने आईला सत्तेवरून काढलं, कैदेत टाकलं. आणि कुणीतरी पोथी घेऊन बसलं आणि जिथे जिथे बेगम सापडली, तिथे तिथे हात मारत गेलं.

आता या डागाचा अर्थ काय? कलेच्या जाणकारांचं एक असतं. चित्रात पोपट दिसला की तो पोपट नसतो, तो विरह असतो. हरीण दिसलं की आत्मा. डाग हा डाग आहे असं म्हणायला त्यांना संकोच वाटतो. एक मत असं ऐकलं, की राजघराण्यातल्या स्त्रीचं तोंड परक्याला दिसू नये म्हणून कुण्या सोवळ्या माणसाने ते झाकलं. मत वाईट नाही, पण ताळेबंद जुळत नाही. सोवळं पाळायचं तर शेजारच्या दासींचं काय? त्या खुशाल उघड्या तोंडाने उभ्या आहेत. एकाच खात्यातल्या नोंदी वेचून खोडल्या असतील तर त्याला आमच्यात मर्यादा म्हणत नाहीत. चौकशी लावतात.

मला तर दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने सांगितलंय, की निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला. पाथरी म्हणजे आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातली. कुलकर्णी म्हणजे गावचं दप्तर सांभाळणारा, नोंद करणारा माणूस! त्याच्या वंशात असली आडमुठी खाडाखोड? आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं : चूक झाली तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही करा. ब्लेडने खरवडायचं नाही. खरवडलं की तपासणीला येणारा साहेब बाकीचं पान सोडून तेवढंच बघत बसतो. झालंही तसंच. सिंहासनावर सुलतान बसलाय, पण त्याच्याकडे कोण बघतंय? सगळं जग त्या डागाकडे बघतंय.

घरीही तेच. रात्री पुस्तक घेऊन बसलो तर ही म्हणाली, "कवाचं बघायलाव तुमी त्या एकाच पानाकडं? चहा सांडला का काय लोकाच्या पुस्तकावर?"

पण खरी मजा दुसऱ्याच एका चित्रात आहे. एक बाई झाडाला हात लावून उभी आहे, आणि तिच्या स्पर्शाने झाड फुलांनी लगडलंय. हिला कुणी हात लावलेला नाही. पंडित याला 'दोहद' म्हणतात. सुंदर स्त्रीची लाथ बसली की अशोक फुलतो, तिने मद्याची चूळ टाकली की बकुळ फुलते, ही संस्कृत कवींची जुनी कल्पना. ती फारसी पोथीत कशी आली यावर बरंच लिहिलं गेलंय. मी हे वाचून दाखवल्यावर ही म्हणाली, "दोहद म्हणजे डोहाळेच की!" आणि खरंच, शब्द तोच. पोटुशीला चिंच हवी होते तशी झाडाला बाईची लाथ हवी होते. आमच्या घरात डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतात, मुलीला फुलांनी मढवून बसवतात, ते काय दुसरं आहे? दख्खनच्या सुलतानाच्या दरबारात डोहाळे पोचले होते, आणि अर्थ लावायला आम्ही कोश शोधत होतो.

ती झाडाजवळची कोण? नुसतं कविकल्पनेतलं चिन्ह की खुद्द बेगम? मला वाटतं, चित्रकाराला दोन्ही म्हणायचं होतं, आणि म्हणूनच ती वाचली. पुसणारा माणूस सरकारी असणार. त्याला यादी मिळाली असणार : सिंहासनाशेजारची बाई. झाडाशेजारच्या बाईबद्दल आदेश नव्हता. हा माझा अंदाज आहे, पण सरकारी माणसांबद्दलचे माझे अंदाज सहसा चुकत नाहीत.

एवढ्यावर मी पुस्तक परत केलं असतं. पण आमच्या गावच्या वाड्यातला एक फोटो मला आठवायला लागला. आजोबा, आजी, चार काका, काकू, पुढे मांडी घालून पोरं. तिसऱ्या काकांच्या शेजारी एक पांढरा ओरखडा आहे. ब्लेडचा. लहानपणी आम्ही त्याला भूत म्हणायचो आणि एकमेकांना भिववायचो. मोठेपणी कळलं, की काकांची पहिली बायको होती, 'घरात पटलं नाही' म्हणून माहेरी पाठवली. नाव कुणी काढत नाही. खुंजा हुमायूनचं बरं. तिच्या रूपाचं वर्णन आफ्ताबीने लिहून ठेवलं, इतिहासकारांनी नाव लिहिलं. आमच्या घरात कवी कुणी नव्हतं.

लातूरच्या आत्याला फोन केला. आता तेवढी एकच उरली आहे त्या फोटोतली. म्हटलं, "आत्या, त्या तिसऱ्या काकांच्या पहिल्या काकूंचं नाव काय गं होतं?"

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाली, "कशाला उकरायलास रे बाबा." आणि परत थांबून, "तिला लई चिंचा लागायच्या तेव्हा. मीच चोरून आणून द्यायची परसातनं." आणि खरोखरच फोन ठेवला.

म्हणजे तिला दिवस गेले होते! माहेरी पाठवली ती तशीच. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, किंवा सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या रविवारी गावी जाऊन फोटो भिंतीवरून उतरवला. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ओरखड्याच्या जागी बाण काढला, लिहिलं : 'काकू (पहिल्या). चिंचा आवडायच्या.' नावासाठी जागा कोरी सोडली. आत्याला पुढच्या आठवड्यात परत फोन करणार आहे. खाली तारीख घातली आणि सही केली.