पंखा ओढणारा हात : आंग्ल-भारतीय कथनातील उन्हाळा

आंग्ल-भारतीय साहित्यातील उन्हाळ्याचा विचार आजवर बहुतांशी प्रतीक म्हणून झाला आहे. उष्मा म्हणजे परक्या भूमीचे अनाकलनीयत्व, उष्मा म्हणजे सत्ताधाऱ्याच्या दडपलेल्या भयाचे बाह्य रूप, अशी समीकरणे आपल्या परिचयाची आहेत. एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथानंतर वासाहतिक संहितांच्या वाचनाला जी दिशा मिळाली तिच्यात ही समीकरणे अधिकच स्थिरावली. त्यांतून हाती काहीच लागले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु उन्हाळा हा कशाचे तरी प्रतीक होण्यापूर्वी सोसावा लागतो. आणि वसाहतीतला गोरा मनुष्य तो सोसत होता तो अनेक इतरांच्या हातांच्या बळावर. छताला टांगलेला कापडी पंखा, त्याची भिंतीतून बाहेर गेलेली दोरी आणि ती दोरी धरून व्हरांड्यात बसलेला माणूस ही त्या सोसण्याची मूळ रचना होय. या तिहींपैकी कथनात किती उरतात, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम एका अ-काल्पनिक संहितेकडे वळू. फॅनी पार्क्स ही बाई अलाहाबाद व कानपूर येथे दीर्घकाळ राहिली आणि तिचे प्रवासवर्णन १८५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. तिने आपल्या घरातील सत्तावन्न नोकरांची पगारासह यादी दिली आहे. त्या यादीच्या अनुषंगाने ती सांगते की लू वाहू लागली की आणखी बारा-चौदा कुली व एक जादा भिस्ती ठेवावा लागतो, आणि पावसाळा सुरू झाला की त्यांना रजा दिली जाते. हे कुली 'थर्मँटिडोट' नावाच्या यंत्रासाठी. यंत्र म्हणजे खिडकीत बसवलेली मोठी लाकडी पेटी, आत हाताने फिरवावयाची पाती, आणि बाजूंना वाळ्याच्या ताट्या. ताट्यांवर अखंड पाणी टाकीत राहिले की त्यांतून ओढली जाणारी कोरडी हवा पाण्याच्या बाष्पीभवनामुळे थंड होते. म्हणजे या गारव्यासाठी दोन प्रकारचे श्रम लागतात, पाती फिरवण्याचे आणि पाणी वाहण्याचे; पार्क्सबाईंनी दोहोंची नोंद केली आहे. त्यांच्या दृष्टीत विशेष सहानुभूती होती असा याचा अर्थ नव्हे. घरखर्चाच्या वहीला श्रम लपवता येत नाहीत, एवढेच. जमाखर्च हा असा वाङ्मयप्रकार आहे की त्यात गारव्याला किंमत असते आणि ती कोणाला तरी द्यावी लागते.

कथेचे तसे नाही. रुडयार्ड किपलिंग यांची 'ॲट द एंड ऑफ द पॅसेज' (१८९०) ही कथा या दृष्टीने बारकाईने वाचण्याजोगी आहे. रेल्वेचा इंजिनिअर हमिल, डॉक्टर स्पर्स्टो, मुलकी नोकरीतला लाउंड्स आणि सर्वेक्षण खात्यातला मॉट्रम हे चौघे दर रविवारी दूरदूरचा प्रवास करून हमिलच्या बंगल्यात जमतात, पत्ते खेळतात, भांडतात. अंधारलेल्या खोलीत पारा १०१ अंशांवर आहे (अर्थात फॅरेनहाइट, आपल्या मापाने अडतीसच्या थोडा वर). कथेच्या आरंभीच फाटका, जीर्ण पंखा तापलेली हवा ढवळतो आहे आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी कण्हतो आहे. वाक्याचा कर्ता पंखा आहे. हवा ढवळणारा तोच आणि कण्हणाराही तोच. वस्तुतः कण्हण्याचा अधिकार असलेला मनुष्य भिंतीपलीकडे आहे. त्याची वेदना वस्तूकडे वर्ग झाली आहे, आणि वस्तूकडून ती खोलीतल्या चौघांच्या मनःस्थितीची निदर्शक म्हणून वापरली गेली आहे. एका साध्या क्रियापदाने हे स्थलांतर घडवून आणले, यातच किपलिंग यांचे सामर्थ्य आहे आणि त्यांची मर्यादाही.

हा ओढणारा कथेत येतो तो पंखा मंदावतो तेव्हा. झोप हरवलेल्या हमिलजवळ स्पर्स्टो रात्री थांबतो. पंखा रेंगाळतो, जवळजवळ थांबतो, डॉक्टरच्या कपाळावरून घाम निथळू लागतो. बाहेर जाऊन कुल्याला दटावावे काय, असा विचार त्याच्या मनात येतो. इतक्यात पंखा हिसका देऊन पुन्हा चालू होतो आणि त्याला जोडलेल्या टॉवेलांची एक टाचणी निसटते. एवढाच प्रसंग. परंतु येथे एक नियम दिसतो : श्रम नीट चालू असताना अदृश्य असतात, आणि खंडित झाले की 'आळस' या रूपात दृश्य होतात. कुली झोपाळू असतो हे जे सर्वमान्य आंग्ल-भारतीय 'सत्य' आहे, त्याचा उगम केवळ वांशिक पूर्वग्रहात शोधून भागणार नाही. तो पाहणाऱ्याच्या स्थानातही आहे. जो केवळ डुलकी लागल्यावरच दिसतो, तो नेहमी झोपलेलाच दिसणार. तसेच, त्या बंगल्यात दोन माणसे जागरण करीत आहेत, हमिल आत आणि कुली बाहेर. एकाच्या निद्रानाशाची भयकथा होते. दुसऱ्याचे जागरण ही नोकरी असते.

येथे एक आक्षेप संभवतो. उन्हाळा परक्यालाच बाधतो, एतद्देशीयाला सवयीने बाधत नाही. मग दोन्ही जागरणांची तुलना कशी करावी? हा युक्तिवाद जुना आहे. जेम्स जॉन्सन यांच्या उष्ण कटिबंधातील हवामान व युरोपीय शरीर या विषयावरील ग्रंथापासून (१८१३) वैद्यकीय लेखनात युरोपीय देहाच्या नाजूकपणाची एक परंपराच तयार झाली. सोला टोपी, पोटावरचा फ्लॅनेलचा पट्टा, पाठीच्या कण्यावरची गादी ही तिची पुढील काळातील उपकरणे. या उपकरणांचा वैद्यकीय उपयोग संशयास्पद होता. सांकेतिक उपयोग मात्र निश्चित होता, कारण टोपी ही दोन प्रकारच्या कवट्यांमधली सीमारेषा होती. जॉर्ज ऑर्वेल यांनी पुढे या टोपीच्या समजुतीची टर उडवली ती याच कारणाने.

पण या आक्षेपाला उत्तर खुद्द किपलिंग यांच्याच लेखनात आहे. 'द सिटी ऑफ ड्रेडफुल नाइट' हे त्यांचे लाहोरच्या ऑगस्टमधील रात्रीचे शब्दचित्र १८८५ मध्ये, ते विशीतही नसताना, तेथील वृत्तपत्रात आले. झोप येत नाही म्हणून निवेदक शहरात भटकतो, वझीर खान मशिदीच्या मिनारावर चढतो, आणि गच्च्यांवर प्रेतांसारखी पसरलेली, कूस बदलणारी, पाण्यासाठी उठणारी माणसे पाहतो. ऑगस्टची हवा दमट. वाळ्याच्या ताटीचा येथे उपयोग नाही, कारण दमट हवेत पाणी उडतच नाही, आणि त्याच कारणाने अंगावरचा घामही सुकत नाही. पहाटे निवेदकाला वाट सोडावी लागते, कारण एका स्त्रीचे शव नेले जात असते. ती मध्यरात्री उष्म्यानेच गेलेली असते. कोणत्याही सिद्धान्ताचे खंडन करण्याचा लेखकाचा हेतू नसेल, परंतु संहितेने ते केले आहे : या रात्री दगावते ती स्थानिक स्त्री, आणि परका निवेदक ते लिहावयास मागे उरतो. किपलिंग यांना केवळ साम्राज्याचा भाट म्हणून निकालात काढणाऱ्यांनी हे लहानसे शब्दचित्र अवश्य वाचावे. उच्च जागी उभे राहून खाली पाहण्याची त्यातली भूमिका वासाहतिक आहेच. पण त्या भूमिकेतून जे दिसले ते लेखकाने गाळलेले नाही.

उन्हाळ्याला कर्तेपण देण्याचा एक व्यवहारी परिणामही आहे. कथेतल्या माणसांचे भांडण, क्रूर बोलणे, आत्मनाश हे सर्व उन्हाळा 'करतो'. माणसाकडे दायित्व उरत नाही. न्यायालयांतही कारणाची अशीच हलवाहलव होत होती. आग्र्याच्या फुलर प्रकरणात एका इंग्रज वकिलाने मारलेला मोतद्दार मृत्यू पावला. मृत्यूचे कारण वाढलेली प्लीहा फुटणे हे ठरले आणि मॅजिस्ट्रेटने तीस रुपये दंड केला. १८७६ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी या निकालाविरुद्ध कडक टिपण लिहिले, तेव्हा अँग्लो-इंडियन समाजात मोठा क्षोभ झाला. तेथे कारण मारणाऱ्या हाताकडून मार खाणाऱ्याच्या प्लीहेकडे गेले. कथेत ते मालकाकडून हवामानाकडे जाते. ही दोन स्थलांतरे एकच आहेत असा माझा दावा नाही. मात्र दोन्हींची व्याकरणिक जात एक आहे.

ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'अ पॅसेज टु इंडिया' (१९२४) मध्ये हे व्याकरण प्रथमच मोडते. खटल्याच्या दिवशी न्यायालयात शिरताना ॲडेलाचे लक्ष सर्वप्रथम जाते ते पंखा ओढणाऱ्याकडे. तो जवळजवळ उघडा, देखणा, हीन मानल्या गेलेल्या जातीतला; आणि पंखा चालू असतानाच तो तिला दिसतो, थांबल्यावर नव्हे. त्याला पाहून आपल्या दुःखाचे महत्त्व तिला प्रश्नांकित वाटू लागते, आणि पुढे तिने आरोप मागे घेण्याचा मार्ग याच पाहण्यातून निघतो. फॉर्स्टर १९२१ चा उन्हाळा देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून माळव्यात राहिले होते. गोऱ्यांच्या छावणीत नव्हे, तर एका मराठा दरबारात. या कादंबरीच्या पुनर्लेखनावर त्या वास्तव्याचा जो परिणाम झाला, त्यात दोरी धरणारा माणूस दिसू लागणे हेही धरावे असे मला वाटते; अर्थात हे अनुमान आहे.

तरीही येथे एक अडचण उरते. फॉर्स्टर त्याला पाहतात, पण पाहताच त्याचा देव करतात. तो नियतीसारखा, माणसांच्या सुखदुःखापलीकडचा, आपण आहोत याचीही पुरती जाणीव नसलेला. किपलिंग यांचा कुली आळशी म्हणून दिसतो, फॉर्स्टर यांचा सुंदर म्हणून. दमलेला म्हणून तो दोघांनाही दिसत नाही. खटला कोसळतो, माणसे निघून जातात, उलथलेल्या खुर्च्यांसमोर तो पंखा ओढतच राहतो आणि खाली येणारी धूळ हलवीत राहतो. हे दृश्य अविस्मरणीय आहे याबद्दल वाद नाही. परंतु त्याला थांबावयास कोणी सांगितले नाही, ही साधी गोष्ट त्या भव्यतेत झाकून जाते.

ऑर्वेल यांच्या 'बर्मीज डेज'मधील (१९३४) एका प्रसंगाचा येथे केवळ उल्लेख करतो. क्लबातला खानसामा, वीसेक पौंड बर्फ उरला आहे आणि तो थंड राखणे अवघड झाले आहे, असे नीटनेटक्या इंग्रजीत सांगतो. त्यावर एलिस खवळतो तो बर्फावरून नव्हे, इंग्रजीवरून. गारवा पुरवणाऱ्याला वाक्यात कर्ता होण्याची मुभा नाही, हे ऑर्वेल यांनी एका संवादात दाखवले.

आता भाषांतराचा मुद्दा. इंग्रजीने 'पंखा' हा शब्द आपल्याच भाषांकडून घेतला. तो मराठीत परत आणताना मात्र घोटाळा होतो. आजच्या वाचकाला 'पंखा' म्हटले की विजेचा पंखाच दिसतो. 'खोलीत पंखा फिरत होता' असे लिहिले की किपलिंग यांच्या वाक्याने अर्धवट केलेले काम मराठी भाषांतर पुरे करते. भिंतीपलीकडे कोणी असण्याची शक्यताच संपते. 'पंखा हालवला जात होता' हा कर्मणी प्रयोग प्रामाणिक आहे, पण मूळ वाक्य तसे नाही, आणि लेखकाच्या पदरी नसलेली सदसद्विवेकबुद्धी त्याला बहाल करण्याचा भाषांतरकाराला अधिकार नाही. विदर्भातल्या एका वर्गात एप्रिलमध्ये ही कथा शिकवताना १०१ अंशांचा आकडा ऐकून मुले हसली होती, कारण तेवढे तापमान तेथे मार्चातच होते. त्यानंतर केलेल्या कच्च्या भाषांतरात मी 'ओढपंखा' असा शब्द घातला. तो रूढ नाही, कानालाही फारसा गोड लागत नाही. पुढच्या वर्षी मजकूर वाचून दाखवत असताना वीज गेली, वरचा पंखा मंदावत थांबला, आणि मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, पण ओढतो कोण?"